दीड महिन्याच्या आधी

ठाण्याची खाडी आणि पारसिकच्या डोंगरांची रांग यांच्या मधल्या चिंचोळ्या भूमीवर सिडकोने १९७० नंतर जी उपनगरे आखली, त्यांत कोपरखैरण्याइतकी दाट वस्ती क्वचितच कोठे असेल. मुंबईची घाऊक बाजारपेठ मस्जिद बंदराच्या परिसरातून तुर्भे-वाशीच्या बाजूस हलविण्यात आली, तेव्हा तिच्या मागोमाग सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतली माथाडी कामगारांची कुटुंबेही खाडी ओलांडून आली. अल्प उत्पन्न गटासाठी बांधलेली बैठी घरे त्यांच्या वाट्यास आली, आणि पुढे मुले कर्ती होऊन त्यांचे संसार सुरू झाले तसतसे त्याच चिमुकल्या पायांवर एकावर एक मजले चढत गेले. खैरणे, बोनकोडे या मूळच्या गावांतली आगरी-कोळी मंडळींची घरे त्याहूनही जुनी आणि एकमेकांस खेटून उभी आहेत. अशा घरांत आजी-आजोबा, दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि शाळकरी पोरे एका छपराखाली नांदतात, ही एरवी कौतुकाचीच गोष्ट. परंतु त्याच घरात एखाद्या सुनेला दिवस गेलेले असतात आणि पाळण्याची तजवीज चाललेली असते, तेव्हा घरातल्या प्रत्येक रेंगाळलेल्या खोकल्याची दखल घेतली गेली पाहिजे, असे म्हणण्यास सबळ कारण आहे. ते कारण म्हणजे डांग्या खोकला हा एक जुना आणि बहुतेकांनी विस्मृतीत टाकलेला रोग.

विस्मृतीत टाकलेला म्हणण्याचे कारण असे, की आज पंचेचाळीस-पन्नाशीच्या आतल्या शहरी माणसाने तो क्वचितच डोळ्यांनी पाहिलेला असतो. त्याच्या आजीला मात्र तो चांगला ठाऊक होता. वाड्यातल्या एका पोराला खोकल्याची उबळ आली, की खोकता खोकता त्याचा चेहरा लालबुंद होऊन मग काळानिळा पडे, डोळ्यांतून पाणी वाही, श्वास आत घेताना घशातून कर्कश लांब स्वर निघे आणि अखेरीस वांती होऊन ते पोर गळून आईच्या खांद्यावर पडे; आणि हा प्रकार रात्रीतून अनेक वेळा, असा आठवड्यामागून आठवडे चाले. १९८७ साली, म्हणजे सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम नुकताच सुरू झाला होता त्या काळी, आपल्या देशात या रोगाच्या सुमारे १ लाख ६३ हजार रुग्णांची सरकारदप्तरी नोंद झाली होती; आणि आपल्याकडे दप्तरात उतरते त्याहून दप्तराबाहेर राहते ते अधिक असते, हे सांगावयास नको. पुढे लस गावोगाव पोहोचली, आकडा झपाट्याने उतरला, आणि रोग दिसेनासा झाला तसे त्याचे भयही गेले. रोग मात्र समूळ गेला नाही. देवीप्रमाणे त्याचे उच्चाटन झालेले नाही, आणि नजीकच्या भविष्यात ते होईल अशी चिन्हेही नाहीत.

या रोगाचा जंतू १९०६ साली ब्रुसेल्स येथे जूल्स बोर्दे आणि ऑक्टाव्ह जांगू या दोघा शास्त्रज्ञांनी प्रथम वेगळा करून वाढविला. हा जंतू मोठा नाजूक. त्याला वाढविण्यासाठी त्यांनी जे पोषक माध्यम सिद्ध केले त्यात रक्त आणि ग्लिसरीन यांच्या जोडीला चक्क बटाट्याचा अर्क होता, आणि प्रयोगशाळांतून ते माध्यम त्या दोघांच्याच नावाने पुढे कित्येक दशके वापरात राहिले. हा जंतू श्वासनलिकेच्या आतील अस्तरावर जे सूक्ष्म केस असतात त्यांना चिकटून बसतो आणि तेथून विष सोडतो. हे केस एरवी कफ आणि धूळ वर ढकलीत राहतात. ते निकामी झाले की कफ साचतो, आणि तो बाहेर टाकण्यासाठी शरीरापाशी उबळीवाचून दुसरा उपाय उरत नाही. औषधाने जंतू मरतो, परंतु विषाने एकदा केलेली हानी भरून येण्यास वेळ लागतो; म्हणून अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक उशिरा सुरू केले तर संसर्ग थांबतो पण खोकला थांबत नाही, आणि घरातली माणसे डॉक्टरांस बोल लावीत बसतात. पहिला आठवडा-दोन आठवडे साध्या पडशासारखे जातात. नेमका याच काळात रोग सर्वाधिक पसरतो, कारण तेव्हा कोणालाच संशय आलेला नसतो. नंतर उबळींचा काळ येतो, तो महिना-दीड महिना आणि कधी त्याहूनही अधिक टिकतो. चिनी आणि जपानी लोक याला शंभर दिवसांचा खोकला म्हणतात, ते काही उगाच नव्हे.

आता जे सांगावयाचे आहे ते या विवेचनातील सर्वांत महत्त्वाचे. वर वर्णन केलेले चित्र चार-पाच वर्षांच्या मुलाचे आहे. तान्ह्या बाळात हा रोग त्या रूपाने येतच नाही. दोन-तीन महिन्यांच्या आतल्या अर्भकाच्या अंगी जोराने खोकण्याइतके बळच नसते. त्यामुळे तो प्रसिद्ध लांब स्वर ऐकू येत नाही, कधी खोकलाही फारसा ऐकू येत नाही, आणि बाळ अंगावर पिता पिता मध्येच श्वास घ्यावयाचे थांबते, ओठ निळसर होतात, एवढेच काय ते दिसते. काही बाळांच्या रक्तात पांढऱ्या पेशींची संख्या एवढी बेसुमार वाढते, की फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांवर ताण येऊन हृदय थकते, आणि मग अतिदक्षता विभागातली सारी यंत्रसामग्रीही तोकडी पडते. डांग्या खोकल्याने दगावणाऱ्यांत बहुसंख्य याच वयाची बाळे असतात, हा जगभरचा अनुभव आहे. आणि शोकाची गोष्ट अशी, की त्यांना तो देणारे माणूस बहुधा घरचेच असते आणि स्वतः त्याला खोकल्यावाचून दुसरे काही झालेले नसते.

प्रौढ माणसाला हा रोग होतो, हेच मुळी आपल्याकडे फारसे कोणी जाणत नाही. लहानपणी घेतलेल्या लसीचे संरक्षण काही वर्षांनी ओसरते. प्रत्यक्ष रोग होऊन मिळालेले संरक्षणही आयुष्यभर पुरत नाही. मग तिशी-चाळिशीत, साठीत जंतू पुन्हा शिरतो, पण अर्धवट संरक्षण शिल्लक असल्यामुळे रोग सौम्य रूप धारण करतो: तीन-चार आठवडे न हटणारा कोरडा खोकला, रात्री अधिक. कोपरखैरण्यात तर अशा खोकल्याला निमित्त सापडण्यास तोटा नाही. जवळच औद्योगिक पट्टा आहे, रात्रीच्या वेळी येणाऱ्या उग्र दर्पाविषयी येथील रहिवाशांची तक्रार जुनी आहे, कोठे ना कोठे बांधकाम चाललेले आहे, आणि बाजारात पोती वाहणाऱ्या माणसाच्या घशात मिरचीची आणि धान्याची धूळ रोजच जाते. तेव्हा खोकला धुळीचा ठरतो, आम्लपित्ताचा ठरतो, फार झाले तर क्षयाची तपासणी होते आणि ती निर्दोष आली की सर्वांचा जीव भांड्यात पडतो. डांग्या खोकल्याची खात्रीलायक तपासणी नाकाच्या मागील भागातून नमुना घेऊन करावी लागते आणि ती मोठ्या प्रयोगशाळांतूनच होते. ती करावी हे रुग्णाला सुचत नाही आणि बहुधा डॉक्टरांनाही सुचत नाही. एक रुग्ण बारा ते सतरा संवेदनशील माणसांना हा रोग देऊ शकतो, असा तज्ज्ञांचा हिशेब आहे. संसर्गाच्या बाबतीत तो गोवराच्या पंगतीत बसतो.

मग बाळाला लस का देत नाही, असा प्रश्न येथे कोणीही विचारील, आणि त्याचे उत्तर असे, की देतोच. आपल्या सार्वत्रिक लसीकरणात दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने या वयांत बाळाला पेंटाव्हॅलेंट लसीच्या तीन मात्रा मिळतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जंतू या पाचांपासून ती रक्षण करते. पुढे दीड वर्षाच्या सुमारास आणि पाच-सहा वर्षांचे असताना त्रिगुणी लसीच्या पूरक मात्रा असतात. ही सारी व्यवस्था महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रांत विनामूल्य आहे, तिची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर होते, आणि आशाताई घरी येऊन तारखेची आठवण करून देतात. या यंत्रणेविषयी आदर बाळगावा तितका थोडाच. परंतु पहिली मात्रा दीड महिन्याच्या आधी देऊन उपयोग नसतो, कारण नवजात बाळाचे शरीर त्या लसीला पुरेसा प्रतिसाद देत नाही. आणि एका मात्रेने संरक्षण पुरे होत नाही, दुसरी-तिसरी व्हावी लागते. म्हणजे जन्मापासून दीड महिना बाळ अगदी उघडे असते आणि त्यानंतरचे दोन महिने अर्धे झाकलेले. रोग जेव्हा जीव घेतो ते वय हेच.

आपल्या पूर्वजांनी बाळंतिणीला सव्वा महिना खोलीबाहेर पडू न देण्याचा जो रिवाज घातला, त्याच्या मुळाशी सोयर-सुतकाच्या कल्पना असल्या तरी त्याचा एक लाभ असा होता, की बाळाभोवती परक्यांची वर्दळ होत नसे. आज बाराव्या दिवशी बारसे, त्याला दोन-अडीचशे माणसे, आणि प्रत्येकाने बाळाचा मुका घेण्याचा आग्रह, असा जो थाट होतो तो पाहिला की जुन्या रिवाजाविषयी थोडी हळहळ वाटते. अर्थात त्या रिवाजावर सर्वस्वी विसंबून राहण्यातही अर्थ नाही, कारण खोलीत असतात ती माणसे कोण? आई, आजी, मोठे भावंड. आणि रोग बहुधा येतो तो त्यांच्याकडूनच. अमेरिकेतल्या एका पाहणीत ज्या अर्भकांच्या बाबतीत संसर्गाचा उगम सापडला, त्यांपैकी एक-तृतीयांशाहून थोड्या अधिकांना तो भावंडांकडून आणि साधारण पाचांत एकाला आईकडून मिळाला होता.

या दीड महिन्याच्या खिंडारावर वैद्यकाने जो तोडगा काढला तो निसर्गाच्याच व्यवस्थेचा उपयोग करून घेणारा आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात, आणि ती नुसती झिरपत नाहीत तर वार ती ओढून घेऊन बाळाच्या पदरात टाकते; इतकी, की पूर्ण दिवसांच्या बाळात त्यांचे प्रमाण पुष्कळदा आईहूनही अधिक आढळते. सासरी निघालेल्या लेकीला आई शिदोरी बांधून देते, तशीच ही. पण आईच्या स्वतःच्या अंगी डांग्या खोकल्याची प्रतिपिंडे उरलेली नसतील तर ती बांधून देणार काय? तिची लहानपणची लस वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची. म्हणून गर्भारपणात, सत्तावीस ते छत्तीस आठवड्यांच्या दरम्यान, तिला टीडॅप नावाची लस एकदा द्यावी, म्हणजे सुमारे पंधरा दिवसांत तिच्या रक्तात प्रतिपिंडांचा साठा होतो आणि त्यातला भरपूर वाटा बाळाला मिळतो. लस घेण्याची मुदत ही अशी, की आपल्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते त्या सुमारास ती सुरू होते आणि नववा महिना लागेपर्यंत राहते; हिरव्या साडीचा आणि फुलांच्या वाडीचा बेत ठरतो तेव्हाच दवाखान्यातली ही एक फेरी त्यात घालून टाकण्यास हरकत नसावी.

ही लस प्रत्येक गर्भारपणी घ्यावी लागते, हे अनेकांना चमत्कारिक वाटते. दोन मुलांत दोनच वर्षांचे अंतर असले तरीही. याचे कारण प्रतिपिंडे लवकर ओसरतात, आणि दुसऱ्या बाळासाठी साठा नव्याने भरावा लागतो.

याची परीक्षा मोठ्या प्रमाणावर प्रथम झाली ती इंग्लंडात. तेथे २०१२ साली डांग्या खोकल्याची साथ आली आणि त्या वर्षी चौदा तान्ही बाळे दगावली. तेव्हा सरकारने ऑक्टोबर महिन्यापासून सर्व गर्भवतींना लस देण्याचा निर्णय केला. दोन वर्षांनी त्याचा जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात तीन महिन्यांच्या आतल्या बाळांना आईच्या लसीमुळे मिळणारे संरक्षण ९१ टक्के भरले. त्याच देशात वीस हजारांहून अधिक लस घेतलेल्या गर्भवतींच्या नोंदी तपासण्यात आल्या आणि मृत बाळ जन्मण्याचे किंवा गर्भारपणातल्या इतर गुंतागुंतींचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. लसीत जिवंत जंतू नसतो, जंतूच्या शुद्ध केलेल्या मोजक्या घटकांचे अंश असतात. दंड दुखणे, अंग मोडून येणे, किंचित कसकस, याहून अधिक त्रास बहुधा होत नाही. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे: आईची प्रतिपिंडे घेऊन आलेल्या बाळांचा स्वतःच्या पेंटाव्हॅलेंटला मिळणारा प्रतिसाद किंचित मंद असतो, असे प्रयोगशाळेत दिसते. त्यामुळे पुढे या मुलांत रोग वाढला असे प्रत्यक्षात दिसलेले नाही. आणि पहिल्या तीन महिन्यांतल्या जिवाच्या धोक्यापुढे ही शंका वजनाला फारच हलकी आहे, असे आमचे मत आहे. पुढे लस घेणाऱ्या आयांचे प्रमाण घसरले आणि २०२४ साली पुन्हा मोठी साथ येऊन तेथे अकरा अर्भके गेली, तेव्हा ही गोष्ट एकदा करून संपणारी नव्हे, हेही सिद्ध झाले.

आता आपल्या घरी येऊ, कारण गोंधळ येथेच आहे. आपल्याकडे गर्भवतीला सरकारी केंद्रात एक सुई मिळते, पूर्वी तिला धनुर्वाताची सुई म्हणत, आणि सर्वसाधारण स्त्रिया अजूनही तसेच म्हणतात. २०१९ च्या सुमारास तिच्या जागी टीडी नावाची लस आली. तीत धनुर्वाताबरोबर घटसर्पाचाही अंश आहे. परंतु डांग्या खोकल्याचा अंश तीत नाही. टीडी आणि टीडॅप या दोन नावांत एका अक्षराचा काय तो फरक, आणि त्या अक्षरातच प्रस्तुत लेखाचा सारा विषय आहे. कार्डावर दोन सुयांच्या तारखा पडल्या की आपले सर्व झाले असे सुनेला वाटते, सासूला वाटते, आणि कित्येकदा विचारपूस करणाऱ्या सुशिक्षित नवऱ्यालाही वाटते. टीडॅप ही अद्याप सार्वत्रिक कार्यक्रमात नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आणि बालरोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनांनी तिची शिफारस केलेली आहे, पण ती खाजगी दवाखान्यात, स्वखर्चाने घ्यावी लागते, आणि एका सुईला हजार रुपयांहून अधिक पडतात. साधारणतः टीडीच्या दोन सुयांपैकी दुसरीच्या जागी टीडॅप दिली तरी चालते, म्हणजे एक टोचणी वाचते. पण हे डॉक्टरांना मागून घ्यावे लागते, आपण होऊन ते घडत नाही.

कोपरखैरण्याच्या बाबतीत एक विशेष अडचण आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल येथील पश्चिम महाराष्ट्रातल्या कुटुंबांत अजून घट्ट आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की मुलगी पाटणला, जावळीला किंवा खटावला निघते. इकडच्या डॉक्टरांना वाटते, आता पुढचे तिकडचे पाहतील. तिकडच्यांना वाटते, मुंबईकडच्या मोठ्या दवाखान्यात सारे झालेच असेल. आणि लसीची मुदत नेमकी या दोन इलाख्यांच्या सीमेवर संपून जाते. तालुक्याच्या गावी ही लस शीतकपाटात हजर असेलच असे नाही. तेव्हा निघण्यापूर्वी, सत्ताविसावा आठवडा लागताच, ती येथेच घेऊन कार्डावर तारीख आणि लसीचे नाव स्पष्ट अक्षरांत लिहून घ्यावे, हे उत्तम.

घरातील इतरांनी लस घ्यावी की नाही, याविषयी तज्ज्ञांची भूमिका काळानुसार बदलत गेली आहे, आणि तो बदल समजून घेण्याजोगा आहे. अमेरिकेत २००५-०६ च्या सुमारास असा विचार पुढे आला, की बाप, आजी-आजोबा, दाई अशा सर्वांना लस देऊन बाळाभोवती संरक्षणाचे कडे उभारावे. कल्पना सुंदर होती. अंमल मात्र फसला, कारण सर्वांना गाठणे जमेना, आणि जेथे चार जणांतील तिघांनीच लस घेतली तेथे जंतूला चौथा पुरे होता. २०१० साली कॅलिफोर्नियात नऊ हजारांहून अधिक रुग्ण आणि दहा अर्भकांचे मृत्यू झाले, तेव्हा मार्ग बदलून आईला गर्भारपणीच लस देण्यावर भर देण्यात आला. त्यातच पुढे माकडांच्या बबून जातीवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की आजची घटकमय लस टोचलेल्या प्राण्याला स्वतःला रोग होत नाही, परंतु त्याच्या घशात जंतू राहू शकतो आणि तेथून तो दुसऱ्याकडे जाऊ शकतो. याचा अर्थ आजीने लस घेणे निरुपयोगी आहे असा नव्हे. खोकत नाही ती आजी खोकणाऱ्या आजीपेक्षा कमी धोक्याची, हे उघड आहे. अर्थ एवढाच, की पैसा मोजका असेल तर पहिला हक्क आईचा, आणि उरल्यास मग बाळाला दिवसभर मांडीवर घेणाऱ्यांचा. ज्यांनी घ्यावयाची त्यांनी ती बाळाच्या जवळ येण्यापूर्वी निदान दोन आठवडे घ्यावी. आणि घरातल्या मोठ्या भावंडाची पाच वर्षांची पूरक मात्रा राहून गेली असेल तर ती आरोग्य केंद्रात मिळते, तिला पैसा पडत नाही. तीच सर्वांत आधी पुरी करावी.

एका व्यक्तीचा विचार मात्र परदेशी ग्रंथांत सापडणार नाही. बाळाला तेल लावून न्हाऊ घालण्यासाठी आणि बाळंतिणीचे अंग चोळण्यासाठी जी बाई रोज सकाळी येते, ती आपल्या घरापुरती नसते. या सेक्टरातून त्या सेक्टरात ती दिवसाला अनेक घरे करते, प्रत्येक घरी एक नवजात जीव पायांवर आडवा घेते, त्याच्या नाकातोंडापाशी तिचा श्वास असतो, आणि खोकला झाला म्हणून तिला खाडा परवडत नाही. ज्या घरांना हजार रुपये जड नाहीत त्यांनी दोन-तीन घरे मिळून तिच्या लसीचा खर्च उचलावा, आणि तिला खोकला असेल त्या दिवसांचा पगार न कापता तिला घरी बसण्याची मुभा द्यावी. तिच्यावर यात उपकार नाही. लाभ सगळा आपल्याच बाळाचा आहे.

लसीविषयी शंका घेणाऱ्यांचाही येथे विचार करू, कारण या विशिष्ट लसीचा इतिहास शंकांनी भरलेला आहे. ती प्रथम परिणामकारक रीतीने तयार केली पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोन स्त्रियांनी, अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स या गावात, महामंदीच्या काळात. दिवसभर नोकरीचे काम करून संध्याकाळी त्या आजारी मुलांच्या घरी जात, कंदिलाच्या उजेडात मुलांना खोकावयास लावून नमुने गोळा करीत, आणि त्या घरांतले दारिद्र्यही पाहून येत. त्यांनी सिद्ध केलेल्या संपूर्ण जंतूच्या लसीने कोट्यवधी मुले वाचविली, आणि आपल्या सरकारी केंद्रांत बाळांना मिळते ती अजूनही त्याच वंशातली आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून ती साऱ्या जगाला जाते. ती टोचली की ताप येतो, मांडी सुजते, बाळ रात्रभर रडते. हे खरे आहे. जपानात १९७५ साली लसीनंतर दोन बाळे दगावल्याच्या बातमीने एवढी खळबळ माजली, की सरकारने ती काही काळ थांबविली. लस घेणारी बाळे शंभरांत ऐंशीवरून दहावर आली, आणि १९७९ साली तेरा हजारांहून अधिक मुलांना डांग्या खोकला होऊन एकेचाळीस मृत्युमुखी पडली. त्या धड्यातूनच तेथे युजी सातो यांनी कमी ताप आणणारी घटकमय लस निर्माण केली, आणि गर्भवतींना देण्यात येणारी टीडॅप ही तिचीच पुढील आवृत्ती. ताप कमी, पण संरक्षणाची मुदतही कमी, असा हा सौदा ठरला. म्हणून खाजगी दवाखान्यात ‘न दुखणारी’ म्हणून विकली जाणारी लस श्रेष्ठ आणि केंद्रातली फुकटची कनिष्ठ, असा जो समज आपल्या मध्यमवर्गात रूढ आहे तो बाळाच्या बाबतीत तरी निराधार आहे. संपूर्ण जंतूची लस वापरणाऱ्या देशांनी तीच चालू ठेवावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा सल्लाही आहे.

त्याच सल्ल्यात असेही नमूद आहे, की तान्ह्यांना वाचविण्यासाठी अधिकचा उपाय करावयाचा झाल्यास गर्भवतींना लस देणे हाच सर्वांत किफायतशीर. आपल्या सरकारने धनुर्वाताची सुई बदलून टीडी आणली तेव्हा एक पाऊल टाकले. दुसरे टाकणे राहिले आहे. रुग्णांची नोंद नीट होत नाही म्हणून रोग थोडा दिसतो, थोडा दिसतो म्हणून लसीवर खर्च मंजूर होत नाही, आणि खर्च नाही म्हणून तपासणीची सोयही होत नाही, अशा फेऱ्यात हा प्रश्न अडकलेला आहे. नवी मुंबईसारख्या संपन्न महापालिकेने आपल्या हद्दीतील गर्भवतींसाठी ही लस स्वतःच्या तिजोरीतून देण्याचा विचार करण्यास कोणाची आडकाठी असण्याचे कारण दिसत नाही. अंदाजपत्रकात याहून मोठ्या रकमा याहून लहान कामांवर खर्ची पडताना आपण पाहतोच.

मुदत टळून गेली, बाळ जन्मले, आणि आईने लस घेतलेली नाही, असे झाले तर? तिने बाळंत होताच ती घ्यावी. वारेचा मार्ग बंद झाला तरी तिला स्वतःला रोग होण्याची शक्यता घटते आणि दुधातूनही काही प्रतिपिंडे जातात, मात्र ती वारेतून जाणाऱ्यांची बरोबरी करू शकत नाहीत. बाळाची दीड महिन्याची मात्रा एक दिवसही लांबू देऊ नये. माहेरी आहोत, कोपरखैरण्याला परतल्यावर देऊ, हा विचार सोडून जेथे असाल तेथल्या आरोग्य केंद्रात ती द्यावी, कार्ड महाराष्ट्रात कोठेही चालते. घरात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर त्याने बाळापासून दूर राहून डॉक्टरांना घरात तान्हे मूल आहे हे आवर्जून सांगावे, कारण ते कळले तर उपचाराची दिशा बदलते आणि घरातील सर्वांनाच प्रतिबंधक औषध देण्याचा निर्णय होऊ शकतो. खोकल्यावर म्हणून बाळाला मध चाटवू नये. एक वर्षाच्या आत मध कोणत्याही कारणाने देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. आणि दूध पिता पिता बाळाचा श्वास थांबला, रंग निळसर पडला, तर खोकला आहे की नाही हे पाहत न बसता ज्या रुग्णालयात अर्भकांसाठी अतिदक्षता विभाग आहे तेथे, रात्र असली तरी, ताबडतोब नेले पाहिजे.